मांडीवर झोपणारी म्हैस: मोठ्या माणसांसाठी सॉफ्ट टॉय बनवून विकायचं तर

स्टॉलवर उभं राहिलं की एक प्रश्न कधीच विचारायचा नाही: "कोणासाठी घेताय?"

सुरुवातीची दोन वर्षं मी हा प्रश्न विचारत होते आणि गिऱ्हाईक घालवत होते. पन्नाशीचे गृहस्थ म्हैस उचलतात, हातात जोखतात, खांद्याशी धरून बघतात. मी विचारलं की गडबडून म्हणतात, "नातीसाठी." मग नात चार वर्षांची, तिला एवढं जड कसं पेलणार, हे त्यांचं त्यांनाच जाणवतं आणि म्हैस परत टेबलावर येते. ती त्यांना स्वतःलाच हवी होती. माझ्या प्रश्नाने त्यांना खोटं बोलायला लावलं आणि त्या खोट्यातच विक्री अडकली. आता मी एवढंच म्हणते, "मांडीवर ठेवून बघा." बाकीचं काम म्हैस करते.

मोठी माणसं स्वतःसाठी खेळणी घेतात यात आता नवल राहिलेलं नाही. सर्काना या बाजार-संशोधन कंपनीच्या नोंदींनुसार अमेरिकेत २०२४ च्या पहिल्या तिमाहीत १८ वर्षांवरच्यांची खेळणीखरेदी ३ ते ५ वयोगटाच्या खरेदीच्या पुढे गेली. लंडनच्या जेलीकॅट कंपनीचा मऊ ससा आणि चीनच्या पॉप मार्ट कंपनीचा लाबुबू हा बाहुला आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलींनाही माहीत आहेत. पण त्यांची नक्कल करायला हा लेख नाही. घरी एक चांगलं शिलाई मशीन आहे, हात बसलेला आहे, आणि महिन्याला पंधरा-वीस नग करून विकायचे आहेत, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. उदाहरण माझ्या म्हशीचंच घेते, कारण तिच्यात माझ्या सगळ्या चुका होऊन गेल्या आहेत.

आधी जागा ठरवा, मग प्राणी

बहुतेक जण प्राण्यापासून सुरुवात करतात: हत्ती करूया, पांडा करूया. लहान मुलांसाठी ते चालतं. मोठ्या माणसाच्या घरात मात्र प्रत्येक वस्तूला जागा लागते, आणि जागा नसलेली वस्तू महिन्याभरात माळ्यावर जाते. म्हणून पहिला प्रश्न हा, की ही वस्तू राहणार कुठे?

बॅगेला लटकणार असेल तर ८ ते १२ सेंमी, आणि कडी शिवणीत पक्की बसलेली हवी. ऑफिसच्या टेबलावर बसणार असेल तर १५-१८ सेंमी. बूड सपाट आणि जड, म्हणजे पंख्याने कलंडणार नाही. मांडीवर किंवा पोटावर ठेवायची असेल तर ३५-४० सेंमी लांब, चपटी, वजनदार. कुशीत घेऊन झोपायची असेल तर ५० च्या पुढे, आणि तिच्यावर एकही कडक भाग नको.

मी मांडी निवडली. घरून काम करणारी माणसं दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेली असतात, त्यांच्या हाताला चाळा लागतो. मग मांडीवर नैसर्गिकपणे काय पसरेल, असा विचार केल्यावर डबक्यात बसलेली म्हैस आपोआप समोर आली. पाय पोटाखाली दुमडलेले, मान पुढे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. जगाशी काही देणंघेणं नाही. हत्ती गोंडस असतो, पण म्हशीकडे जी निवांत बेफिकिरी आहे ती नोकरदार माणसाला जास्त हवी असते.

शाडूची अर्धी म्हैस

कागदावर चित्र काढून त्यावरून कटिंग करायला गेलात तर म्हैस पापडासारखी सपाट होईल. चित्राला दोन बाजू असतात, भरलेल्या कापडाला गोलाई असते. त्यासाठी आधी मातीचं रूप करा. गणपतीच्या दिवसांत शाडू कुठेही मिळतो, एरवी मूर्तिकारांकडे मागितला तर किलो-दोन किलो देतात. म्हैस डावी-उजवी सारखीच असते, म्हणून अर्धीच करायची: पाटावर आडवी, मध्यरेषेवर कापल्यासारखी. माती सुकू लागली की तिच्यावर स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळा आणि त्यावर कागदी चिकटपट्टीचे तुकडे एकावर एक चढवत दोन थर द्या.

आता पेन घ्या आणि चिकटपट्टीवर शिवणी काढा. इथे घाई करू नका, कारण सॉफ्ट टॉयचं सगळं रूप या रेषांत आहे. शिवण जिथे जाते तिथे आकाराला कडा येते, जिथे नसते तिथे गोलाई राहते. पाठीच्या कण्यावरून शिवण घेतली तर म्हैस हाडकुळी दिसते. मी कण्यावर शिवण न घेता पाठीची एक रुंद पट्टी आणि दोन बाजू असे तीन भाग केले, तेव्हा ती खाऊनपिऊन सुखी दिसायला लागली. प्रत्येक भागावर नाव, लवेच्या, म्हणजे कापडावरच्या बारीक केसांच्या, दिशेचा बाण आणि शेजारच्या भागाशी जुळणाऱ्या खाचा आखा. मग ब्लेडने रेषांवर कापून तुकडे सोडवा आणि टेबलावर सपाट करा.

जो तुकडा सपाट व्हायला नकार देतो, तिथे टक्स लागणार. ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. छातीच्या गोलाईसाठी टक्स घेतो तसेच म्हशीच्या गालाला आणि ढुंगणाला घ्यायचे. सपाट तुकडे कार्डपेपरवर उतरवा आणि भोवती ६ मिमी मार्जिन वाढवा.

पहिला नमुना मांजरपाटाचा करू नका. मांजरपाट ताणत नाही आणि लवेचं कापड ताणतं. त्यामुळे मांजरपाटात बरोबर वाटलेली म्हैस खऱ्या कापडात फुगून डुक्कर होते. स्वस्त फ्लीसमध्ये नमुना शिवा, भरा, मार्कर पेनने त्याच्यावरच दुरुस्त्या आखा, उसवा, कटिंग बदला. मला सात नमुने लागले. चौथ्यानंतर घरचे हसायला लागतात, तिकडे लक्ष देऊ नका.

आकार मोठा-छोटा करताना एक हिशेब डोक्यात ठेवा. लांबी १० टक्क्यांनी वाढवली की कापड २१ टक्के आणि आतलं भरण ३३ टक्के जास्त लागतं. "जरा मोठी करून द्या ना" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं, पण तुम्हाला असायला हवं.

कापड, टीप, भरण

मोठा माणूस सॉफ्ट टॉय हातात घेतो तेव्हा आधी अंगठा फिरवतो, मग हळूच वास घेतो. डोळे शेवटी बघतो. म्हणून पैसे कापडात घाला. लव छोटी आणि दाट हवी, २-३ मिमीची. लांब केसांचं कापड शिवणीतल्या चुका लपवतं म्हणून नवशिक्यांना आवडतं, पण दोन महिन्यांत त्याच्या गुठळ्या होतात. सुरतेकडचं आणि पानिपतकडचं कृत्रिम धाग्याचं कापड मुंबईत मंगळदास मार्केटच्या आसपास आणि पुण्यात रविवार पेठेत शोधा. ताका उलगडायला लावा, फक्त नमुन्याच्या तुकड्यावर भरवसा नको.

दुकानातच दोन परीक्षा करा. पांढरा रुमाल ओला करून कापडावर वीस वेळा घासा. म्हशीचं काळं कापड असेल तर ही परीक्षा टाळू नकाच, कारण मांडीवर बहुधा फिकट कपडे असतात. दुसरी, चिकटपट्टी लावून ओढा. पट्टीवर केस भरून आले तर ते कापड नको.

कापताना लव खाली जाईल अशी, म्हणजे डोक्यापासून शेपटीकडे हात फिरवला की गुळगुळीत लागेल, अशी सगळ्या तुकड्यांची दिशा ठेवा. कापड दुहेरी घडी घालून कापू नका. उलट्या बाजूने, एकेरी, आणि डाव्याचा उजवा करताना कार्डपेपरचा फर्मा पलटून. कात्रीच्या टोकाने फक्त खालचं विणकाम कापायचं, लव कापायची नाही. तोंडाला मास्क लावा, नाहीतर रात्री खोकाल.

टीप २.५ मिमीची, सुई १४ नंबरची गोल टोकाची, दोरा पॉलिएस्टरचा. मान, शिंगं, कान, शेपूट या जागी दुहेरी टीप. भरण्यासाठी फट पोटाखाली, सरळ शिवणीत, बोटं आत जातील एवढी ठेवा. वळणावर फट ठेवली की बंद करताना चुण्या पडतात आणि गिऱ्हाइकाचा अंगठा नेमका तिथेच जातो.

भरणाला बाजारात सरसकट रिक्रॉन म्हणतात. पोकळ, सिलिकॉन लावलेला पॉलिएस्टर फायबर मागा. हातात दाबून सोडला की लगेच फुगला पाहिजे. जुन्या गाद्यांचा, रंगीत चिंध्यांचा पुनर्वापर केलेला फायबर स्वस्त पडतो, पण गुठळ्यांनी म्हशीला गोवर आल्यासारखा दिसतो. आधी टोकं भरा: नाक, शिंगं, खुरं. मग धड. चिमूट-चिमूट फायबर विंचरून घाला, गोळे कोंबू नका. प्रत्येक नगाचं भरण वजन करून घ्या, माझ्या म्हशीत ३५० ग्रॅम जातं. नजरेच्या अंदाजाने भरलं तर सोमवारची म्हैस गुबगुबीत आणि शनिवारची उपाशी निघते.

चेहरा

डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले, कपाळ मोठं केलं, की कोणताही प्राणी बाळासारखा दिसतो. लहान मुलांच्या खेळण्यांचं हे ठरलेलं गणित. मोठ्यांसाठी मी ते अर्धंच वापरते. डोळे लांब ठेवते, पण उघडे टक लावणारे ठेवत नाही. दिवसभर मीटिंगमध्ये माणसं बघून आलेल्याला घरी आणखी कुणी रोखून बघायला नको असतं. अर्ध्या पापणीचे, भरतकामाचे डोळे करा. पापणीची रेघ २ मिमी वर-खाली झाली तरी म्हैस झोपलेली न वाटता रडवेली वाटते, म्हणून डोळ्यांची जागा भरण्याआधी नव्हे, भरल्यावर टाचण्या लावून ठरवा, मोजा आणि पुढच्या सगळ्या नगांना तेच माप ठेवा.

तोंड काढू नका. निदान हसरं तर नकोच. तोंड नसलं की तुमची जी मनःस्थिती असेल तीच तिचीही दिसते.

वजन, आणि मोहरीची फजिती

मांडीवरच्या खेळण्याचा जीव वजनात आहे. माझी म्हैस सगळी मिळून सव्वा किलोच्या थोडी वर जाते. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून आत मोहरी घातली. बाळाला मोहरीची उशी देतात, मग म्हशीला काय हरकत! उन्हाळ्यात विकलेल्या सहा म्हशी जुलैत परत आल्या. दोघींना बुरशीचा वास होता, एकीतून किडे निघाले. तांदूळ, नाचणी, डाळी यांपैकी काही घालू नका. आपल्या पावसाळ्यात धान्य टिकत नाही आणि ते धुताही येत नाही.

काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे वापरा. काच जड असल्यामुळे कमी जागा घेते आणि हाताला वाळूसारखी लागते. प्लॅस्टिक खुळखुळतं. मणी थेट फायबरमध्ये ओतायचे नाहीत. दाट विणीच्या कापडाची थैली शिवा, दुहेरी टीप मारा, आणि तिला गोधडीसारखे कप्पे पाडा, म्हणजे सगळं वजन एका बाजूला गोळा होणार नाही. ९०० ग्रॅम सहा कप्प्यांत. ही थैली पोटाखालच्या लपलेल्या चेनमधून बाहेर काढता आली की वरचं अंग धुता येतं. धुण्याबद्दल तर प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंच.

वजनाचं खेळणं तान्ह्या बाळाजवळ किंवा लहान मुलाजवळ झोपताना ठेवायचं नाही, हे लेबलवर ठळक लिहा आणि विकताना तोंडानेही सांगा. नाकातोंडावर आलं तर बाळाला ते दूर सारता येत नाही.

विकण्याआधी प्रत्येक तुकडीतली एक म्हैस बळी द्या. खेळण्यांच्या मानकांत शिवणीला सुमारे ७० न्यूटनचा ओढा देऊन बघतात, म्हणजे साधारण ७ किलो. घरी हे असं करता येतं: शिवणीच्या एका बाजूचं कापड चिमट्याने हुकाला अडकवा, दुसऱ्या बाजूला बादलीसकट ७ किलो होईल इतकं पाणी लटकवा आणि दहा आकडे मोजा. कान, शिंगं, शेपूट यांनाही तेच. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा याने भरत नाही, पण कच्चे टाके लगेच कळतात.

"मोठ्यांसाठी" असं लिहिलं की सुटका होत नाही

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते, म्हणून सावकाश वाचा.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे. त्यानुसार खेळण्यावर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि त्यासाठी बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, परवाना लागतो. मानक आयएस ९८७३: पहिल्या भागात यांत्रिक सुरक्षा, दुसऱ्यात ज्वलनशीलता, तिसऱ्यात रंगांतले घातक घटक. आदेशातली खेळण्याची व्याख्या नीट बघा. १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळावं यासाठी केलेली किंवा स्पष्टपणे तशी दिसणारी वस्तू, मग ती फक्त त्यांच्यासाठीच असो वा नसो. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. गुलाबी टेडीवर "१८ वर्षांवरील" असा शिक्का मारून तो मुलांच्या दुकानात ठेवला तर तो खेळणंच ठरतो.

आणि यात तथ्य आहे. जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये नमद्याचा छोटा हत्ती केला तो टाचण्या टोचायची उशी म्हणून. मुलांनी तो पळवला, आणि त्यातूनच जगातला नावाजलेला सॉफ्ट टॉयचा कारखाना उभा राहिला. करणाऱ्याने काय ठरवलं होतं याला मुलं जुमानत नाहीत.

मग मार्ग कोणते? एक, वस्तू खरोखरच मोठ्यांची ठेवायची आणि ते सगळीकडे एकसारखं दिसू द्यायचं: वजन, आकार, किंमत, लेबल, फोटो, विकायची जागा. फोटोत लहान मूल नको, मजकुरात "बच्चेकंपनी" नको, मुलांच्या वाढदिवसाच्या भेटवस्तूंच्या यादीत नाव नको. दोन, बाहुल्या-खेळणी या कलाप्रकारात हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे कारागीर म्हणून नोंदणी करायची. अशा नोंदणीकृत कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला आदेशातून सूट आहे. तीन, नग वाढले की परवाना असलेल्या भारतीय कारखान्याकडून शिवून घ्यायचे. कोणताही मार्ग निवडलात तरी बीआयएसच्या मुंबईच्या किंवा पुण्याच्या कार्यालयाला तुमच्या वस्तूचं वर्णन आणि फोटो देऊन लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. वकील असलेल्या मैत्रिणीचा मला मिळालेला हा सगळ्यात चांगला फुकट सल्ला.

इंटरनेटवर सगळे सांगतात तो रस्ता, म्हणजे चीनच्या कारखान्याला चित्र पाठवून पाचशे नग मागवणं, आपल्याकडे जवळजवळ बंदच आहे. परदेशी कारखान्यालाही बीआयएसचा परवाना लागतो, आणि खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, मग २०२३ मध्ये ७० टक्के झालं. घरात शिवणाऱ्यांना ही भिंत एका अर्थी आडोसाच आहे.

परदेशातल्या नातेवाइकांच्या ओळखीने युरोपात विकायचा मोह होईल. तिथे कुशीत घ्यायचं साधं मऊ खेळणं सहसा तीन वर्षांखालच्या मुलांचं मानलं जातं, आणि युरोपीय संघातली एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते. अमेरिकेत लहान पार्सलला मिळणारी शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. पहिल्या वर्षी हे दोन्ही सोडून द्या.

आता स्वतःच्या डिझाइनबद्दल. कॉपीराइट आपोआप मिळतो हे खरं, पण कॉपीराइट कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी वस्तू न नोंदवता तिचे ५० हून अधिक नग औद्योगिक पद्धतीने काढले की तो हक्क संपतो. डिझाइनची नोंदणी १० वर्षांची, पुढे ५ वर्षांनी वाढते. मात्र अर्ज करण्याआधी फोटो जाहीर केला की नावीन्यच संपतं. मी म्हशीचा नमुना तयार होताच आनंदाच्या भरात इन्स्टाग्रामवर टाकला होता. त्यामुळे म्हैस नोंदवता आली नाही. नंतरचा रेडा नोंदवला.

आणि दुसऱ्याचं पात्र शिवू नका. "डोरेमॉनसारखा पण हिरवा" ही मागणी दर प्रदर्शनात येते. हसून नाही म्हणायचं.

किंमत

आकडे उदाहरणादाखल देते, तुमच्या बाजारभावाने बदला. कापड १२८ रुपये, फायबर ६३, काचमणी १०८, थैली-दोरा-चेन-लेबल ६०, खोकं ४५. झाले ४०४. इथे बहुतेक जण थांबतात आणि म्हैस ७०० ला विकतात. स्वतःचे तीन तास कुठे गेले? तासाला १०० धरले तरी ३००. खराब गेलेले नग, वीज, मशीनची झीज, स्टॉलचं भाडं यांचे ११५ धरा. एकूण ८१९.

मी विक्रीची किंमत १,८०० ठेवते. फार वाटते? भेटवस्तूंच्या दुकानात ठेवली तर दुकानदार ४० टक्के कापून घेतो. हातात १,०८० येतात आणि नगामागे २६१ उरतात. १,२०० ला विकली असती तर दुकानात ठेवताच प्रत्येक म्हशीमागे जवळजवळ १०० रुपये पदरचे गेले असते. किंमत अशी हवी की मधला माणूस आला तरी तुम्ही तगाल. नाहीतर कायम स्वतःच स्टॉल लावत बसावं लागेल. जीएसटीची नोंदणी असेल तर साध्या, विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांवरचा दर सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, तो याच किमतीतून वजा होईल.

मोठ्या माणसांना किंमत फारशी खटकत नाही. खटकतो तो निमित्ताचा अभाव. "एवढे पैसे, स्वतःसाठी, आणि म्हशीवर?" हा प्रश्न मनात असतो. वजन, धुता येणं, दुरुस्तीची हमी ही त्याला घरी बायकोला सांगता येतील अशी कारणं आहेत. ती लेबलवर लिहून द्या.

साडीची म्हैस

याचा विचार मी केलाच नव्हता, एका ताईंनी आणला. आईची सुती इरकल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गोधडी नको, घरात चार आहेत. हिची म्हैस होईल?" आता माझं अर्धं काम याच प्रकारचं आहे.

जुनी साडी शिवणीवर फाटते, म्हणून कापण्याआधी प्रत्येक भागाला मागून पातळ फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून घ्या. इस्त्री आधी कोपऱ्यावर करून बघा, रेशीम आकसतं. मार्जिन ६ ऐवजी १० मिमी ठेवा आणि वजन निम्मं करा. काठ कानांना किंवा पाठीच्या पट्टीला, पदराचा तुकडा कपाळाला. विरलेला, रफू केलेला भाग टाळू नका. पुष्कळदा गिऱ्हाइकाला नेमका तोच हवा असतो. आधी विचारा.

कात्री लावण्यापूर्वी साडी पसरून फोटो काढा, त्यावर कुठे कापणार ते आखा आणि ते पाठवून "हो" असा लेखी निरोप घ्या. उरलेलं सगळं कापड, अगदी चिंध्यासुद्धा, परत द्या. पैसे अर्धे आगाऊ घ्या. तारीख देताना पंधरा दिवस जास्तीचे सांगा, कारण अशी साडी मशीनखाली असताना घाई करता येत नाही. आणि धुऊन आणू नका असं कळवा. मी पहिल्यांदा धुऊनच आणायला सांगितलं होतं. त्या बाईंनी आणलीही, आणि मग हळूच म्हणाल्या की आता वास गेला.

विक्री आणि पार्सल

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो फक्त यादीसाठी. विकतो तो मांडीवरचा फोटो: जीन्स, लॅपटॉप, चहाचा कप आणि म्हैस. आकार सांगायला हात दिसला पाहिजे. वजन फोटोत दिसत नाही, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा. म्हैस गादीवर टाकायची, थप्प असा आवाज येतो, गादी दबते. माझ्या चौकशा याच एका व्हिडिओवरून येतात.

प्रदर्शन निवडताना गर्दी बघू नका, मुलांबरोबर आलेले पालक किती आणि एकटे-दुकटे फिरणारे किती ते बघा. मुंबईतलं काळा घोडा किंवा कॉमिक कॉन, पुस्तकांचे मेळे, हातकागद आणि चिनी मातीवाले जिथे बसतात त्या जागा. सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात माझा अख्खा दिवस मुलांच्या हातून म्हशी सोडवण्यात गेला. खोक्यात काय निघेल ते न सांगता विकायची पद्धत लाबुबूमुळे गाजली आहे, पण वीस नग करणाऱ्याने त्या फंदात पडू नये. नको तो रंग निघालेलं गिऱ्हाईक तुमच्याकडेच परत येणार.

खोक्यावर वैधमापन नियमांप्रमाणे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, नग, तक्रारीसाठी फोन हे सगळं हवं. ऑनलाइन विकताना परतीचा नियम आधीच लिहा. साडीची म्हैस परत घेता येणार नाही, हेही.

कुरिअरचा फटका सगळ्यांना बसतो. खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर कंपन्या पैसे घेतात. आकारमानाचं वजन असं काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायचं. ४० × २८ × १८ चं खोकं तराजूवर दीड किलो, पण बिलात ४ किलो. म्हशीची थैली वेगळी काढून अंग हवा काढलेल्या पिशवीत दाबलं की ३६ × २६ × १२ मध्ये बसते आणि बिल सव्वादोन किलोवर येतं. दाबून आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नका, आणि "मिळताच पिशवी उघडा, थैली घाला, दोन तास पंख्याखाली ठेवा" अशी चिठ्ठी वर चिकटवा. चिठ्ठी नसेल तर चपटी म्हैस बघून फोन येतो.

साठवणीत डांबराच्या गोळ्या टाकू नका. वास जात नाही, आणि गिऱ्हाईक वास घेतंच, हे वर सांगितलं आहे. सिलिकाच्या पुड्या आणि झाकणाचा डबा पुरे.

दुरुस्तीचं खातं

प्रत्येक ताक्यातलं पाव मीटर कापड, त्याच रंगाचा दोरा आणि डोळ्यांच्या मापाचा कागद पाकिटात घालून वर तुकडीचा क्रमांक लिहा. तोच क्रमांक लेबलवर असू द्या. दोन वर्षांनी म्हैस परत येते तेव्हा रंग जुळवायला बाजार पालथा घालावा लागत नाही. पहिली दुरुस्ती मी फुकट करते, जाण्यायेण्याचं कुरिअर त्यांचं. बहुतेक वेळा कान सुटलेला असतो, कारण उचलताना माणसं कानालाच धरतात. म्हणून आता कानाचं मूळ तिहेरी टिपेने शिवते. पोट बंद करताना दोन्ही कडांच्या घडीतून आळीपाळीने टाका घ्यायचा, आठ-दहा टाके सैल ठेवून मग एकदम ओढायचे, गाठ आत ढकलायची, लवेत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर काढायचे. परत पाठवताना भरण नव्याने फुगवून देऊ का, हे विचारून घ्या. एकदा न विचारता दिली, तर गृहस्थांचा फोन आला: "डाव्या बाजूचा खळगा भरलात का? मी तिथे हात ठेवायचो."

खळगा परत करून पाठवला.